कार्बोक्सिलिक आम्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंद्रिय रसायनशास्त्रातले हे प्रकरण बहुतेक जण अभिक्रियांची यादी म्हणून पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला ते फार खटकते, कारण इथे पाठ करण्यासारखे खरे तर थोडेच आहे. या आम्लातला एक हायड्रोजन निघून जाऊ शकतो. तो गेल्यावर मागे उरलेला ऋणप्रभार कुठे बसतो आणि किती सुखाने बसतो, एवढे डोळ्यांसमोर ठेवा. खालची बरीचशी उत्तरे त्यातूनच निघतात.

कार्बोक्सिलिक आम्ल म्हणजे नेमके काय?

ज्या सेंद्रिय रेणूत सीओओएच हा गट असतो तो. या गटात मधोमध एक कार्बन. त्याला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला, दुसरा ऑक्सिजन एकेरी बंधाने, आणि या दुसऱ्या ऑक्सिजनवर एक हायड्रोजन. कार्बनचा चौथा हात उरलेल्या रेणूकडे जातो. मधला कार्बन आणि त्याला जोडलेले तिन्ही अणू एकाच प्रतलात असतात, आणि त्यांच्यातले कोन १२० अंशांच्या आसपास असतात.

कार्बोनिल आणि हायड्रॉक्सिल ही दोन नावे जोडून 'कार्बोक्सिल' हे नाव झाले. पण हे दोन गट नुसते शेजारी-शेजारी राहत नाहीत. एकमेकांच्या संगतीत दोघांचाही स्वभाव बदलतो. म्हणूनच यातला कार्बोनिल कीटोनसारखा वागत नाही आणि हायड्रॉक्सिल अल्कोहोलसारखा वागत नाही.

ज्याच्या नावात 'आम्ल' आहे तो प्रत्येक सेंद्रिय पदार्थ यात मोडतो का?

नाही. सर्वांत परिचित अपवाद म्हणजे जीवनसत्त्व क, म्हणजेच ॲस्कॉर्बिक आम्ल. त्याच्या रेणूत सीओओएच गट मुळीच नाही. दुहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बनांवर बसलेल्या हायड्रॉक्सिल गटांमुळे ते आम्लधर्मी होते. त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त तीव्र) सुमारे ४.१ आहे, म्हणजे ते व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लापेक्षा थोडे तीव्रच. फिनॉलला पूर्वी कार्बोलिक आम्ल म्हणत, तेही या कुळातले नाही. पिक्रिक आम्लही नाही. उलट ॲस्पिरिनच्या नेहमीच्या नावात आम्ल दिसत नाही, पण ते ॲसेटिलसॅलिसिलिक आम्ल आहे, अस्सल कार्बोक्सिलिक आम्ल.

ओएच गट अल्कोहोलमध्येही असतो. मग इथेनॉल आम्ल का नाही?

या सगळ्या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

इथेनॉलचा पीकेए सुमारे १६, ॲसेटिक आम्लाचा ४.७६. पीकेए जितका कमी तितके आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. इथे फरक अकरा अंकांहून अधिक आहे, म्हणजे ॲसेटिक आम्ल शंभर अब्ज पटींहूनही जास्त तीव्र ठरते. ओएच दोन्हीकडे आहे, कार्बनही दोन्हीकडे दोनच. भर पडली आहे ती शेजारच्या कार्बनवरच्या एका ऑक्सिजनची.

आता प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघणारा तो हायड्रोजन, गेल्यानंतरचे चित्र पाहा. इथेनॉलमधून तो गेला तर ऋणप्रभार एकट्या ऑक्सिजनवर अडकून राहतो. ॲसेटिक आम्लातून गेला तर तो प्रभार दोन ऑक्सिजनांमध्ये सारखा वाटला जातो. दुहेरी बंध याच्याकडे आणि प्रभार त्याच्याकडे, असे एक चित्र काढता येते आणि नेमके उलटे दुसरेही. खरा आयन या दोहोंपैकी एकही नसतो. तो या दोन चित्रांमध्ये हेलकावे खात असतो असे समजणेही चूक. तो कायम एकाच मधल्या रूपात असतो, आपल्या रेघांच्या भाषेत ते रूप एका चित्रात मावत नाही इतकेच. यालाच संस्पंदन म्हणतात.

ही नुसती कल्पना नाही, ती मोजता येते. फॉर्मिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे दोन ऑक्सिजनांशी असलेले बंध वेगवेगळ्या लांबीचे असतात: दुहेरी बंध सुमारे ०.१२० नॅनोमीटर, एकेरी सुमारे ०.१३४. प्रोटॉन गेल्यावर उरलेल्या फॉर्मेट आयनात मात्र दोन्ही बंध सारखेच, सुमारे ०.१२७ नॅनोमीटर. कोणता ऑक्सिजन मूळचा कोणता हे ओळखण्याची सोयच उरत नाही.

इथे एक गोष्ट नमूद करतो, कारण पुष्कळ ठिकाणी ती गाळली जाते. सगळे श्रेय संस्पंदनाला देऊ नये. कार्बोनिल गट मुळातच इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, आणि ती ओढ प्रोटॉन जाण्याआधीपासून काम करत असते. दोन्ही कारणे खरी आहेत. त्यांचा वाटा किती-किती यावर रसायनशास्त्रज्ञांनी बराच वाद घातला आहे.

ही आम्ले 'दुर्बल' म्हणतात. म्हणजे ती हाताळायला सुरक्षित का?

अजिबात नाही. दुर्बल हा शब्द फक्त एवढेच सांगतो की पाण्यात विरघळल्यावर थोडेच रेणू प्रोटॉन सोडतात. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात कोणत्याही क्षणी शंभरातले जेमतेम १.३ रेणू आयनरूपात असतात, आणि द्रावणाचा सामू २.९ च्या आसपास येतो. तेवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो. ॲसेटिक आम्ल आणखी विरल केले, ०.००१ मोलर, तर सुमारे १२ टक्के रेणू आयनरूपात जातात. पाणी वाढले की समतोल आयनांच्या बाजूला सरकतो.

संहत ॲसेटिक आम्ल त्वचा भाजते, डोळ्यांना कायमची इजा करू शकते, आणि त्याची वाफ पेटही घेते. शुद्ध फॉर्मिक आम्ल त्याहून दाहक. 'दुर्बल' आणि 'विरल' हे दोन शब्द मनात वेगळे ठेवा. पहिला पदार्थाचा स्वभाव सांगतो, दुसरा बाटलीत त्याचे प्रमाण किती ते.

याच गोंधळातून आणखी एक चूक होते: दुर्बल आम्लाच्या उदासिनीकरणाला कमी सोडियम हायड्रॉक्साइड लागेल असे वाटते. लागते तेवढेच. जसजसे आयन संपतात तसतसे उरलेले रेणू प्रोटॉन सोडत जातात, शेवटच्या रेणूपर्यंत.

रेणूत क्लोरीन घातला की आम्ल तीव्र का होते?

क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे आयनावरचा ऋणप्रभार आणखी पसरतो आणि आयन जास्त स्थिर होतो. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६, एक क्लोरीन आला की २.८६, दोन आले की सुमारे १.३, तीन आले की ०.७ च्या जवळ.

ही ओढ अंतराबरोबर झपाट्याने ओसरते. ब्युटेनॉइक आम्लाचा पीकेए ४.८२ आहे. क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर असेल तर तो २.८६ होतो, तिसऱ्यावर असेल तर ४.०५, चौथ्यावर असेल तर ४.५२. हे चार आकडे एका ओळीत लिहून पाहा. ओढ बंधागणिक विरत जाताना दिसते.

बेंझिनच्या कड्यावर गोष्ट अधिक रंजक होते. बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२०. कड्यावर समोरच्या टोकाला, म्हणजे पॅरा स्थानी, हायड्रॉक्सिल गट लावला तर आम्ल किंचित दुर्बल होते, सुमारे ४.५८. तोच गट शेजारी, ऑर्थो स्थानी लावला की सॅलिसिलिक आम्ल मिळते आणि पीकेए २.९७ वर येतो. गट एकच, परिणाम उलटे. शेजारचा हायड्रॉक्सिल हायड्रोजन बंधाने ऋणप्रभारित ऑक्सिजनला धरून ठेवतो. समोरच्या टोकाचा गट तिथवर पोहोचू शकत नाही. तो कड्यातून इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो.

यांचे उत्कलनांक इतके जास्त का असतात?

जवळपास सारख्याच वजनाचे रेणू शेजारी ठेवू. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेनॅल ४९ च्या सुमारास, १-प्रोपेनॉल ९७ ला, आणि ॲसेटिक आम्ल ११८ ला.

कार्बोक्सिल गट हायड्रोजन बंध देऊ शकतो आणि घेऊही शकतो, म्हणून दोन रेणू समोरासमोर येऊन एकमेकांना दोन हातांनी धरतात. आठ अणूंचे एक बंद कडे तयार होते. या जोडीला द्विवारिक म्हणतात. ती इतकी पक्की असते की वाफेतही पुष्कळ जोड्या टिकून राहतात. बेंझिनसारख्या द्रावकात ॲसेटिक आम्ल विरघळवून रेणुवस्तुमान काढले तर ६० ऐवजी १२० च्या जवळचा आकडा येतो. प्रयोगात असा दुप्पट आकडा आला तर आपले गणित चुकले असे आधी वाटते. रेणू खरोखरच जोडीने फिरत असतात.

आणि द्रवणांक वरखाली का होतात?

दोन कार्बनचे आम्ल १६.६ अंशांना वितळते, तीनचे उणे २१ ला, चारचे उणे ५ ला, पाचचे उणे ३४ ला, सहाचे उणे ३ ला. सम संख्येच्या साखळ्या स्फटिकात एकमेकींना जास्त चांगल्या बिलगतात. शुद्ध ॲसेटिक आम्ल थंड खोलीत बर्फासारखे गोठते ते या १६.६ अंशांमुळेच. 'ग्लेशियल' हे त्याचे विशेषण तिथूनच आले.

कोणती आम्ले पाण्यात विरघळतात?

एक ते चार कार्बनची आम्ले पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात. पुढे साखळी लांबते तशी तिची पाण्याशी फारकत वाढत जाते. सहा कार्बनचे आम्ल १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम विरघळते. सोळा-अठरा कार्बनची तर जवळपास विरघळतच नाहीत.

पण आम्लाचा क्षार केला की चित्र पालटते. बेंझोइक आम्ल एका लिटर पाण्यात २५ अंशांना सुमारे ३.४ ग्रॅम विरघळते. त्याचाच सोडियम क्षार अर्ध्या किलोहून जास्त विरघळतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण मिश्रण वेगळे करण्याची एक अतिशय सुंदर पद्धत त्यावर उभी आहे.

समजा, बेंझोइक आम्ल आणि नॅप्थलीन एकत्र मिसळले आहेत. मिश्रण ईथरमध्ये विरघळवा आणि सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाबरोबर विलगीकरण नरसाळ्यात हलवा. कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून मधूनमधून तोटी उघडून दाब सोडायला विसरू नका. बेंझोइक आम्ल क्षार होऊन पाण्याच्या थरात उतरते, नॅप्थलीन ईथरमध्येच राहते. थर वेगळे करा. पाण्याच्या थरात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. बेंझोएट आयनाला त्याचा प्रोटॉन परत मिळतो आणि स्वच्छ द्रावणात पांढरे स्फटिक दिसू लागतात. गाळा, धुवा, वाळवा. द्रवणांक १२२ अंश आला तर काम नीट झाले.

सेंद्रिय पदार्थात हा गट आहे हे ओळखायचे कसे?

सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण घाला. फसफसून वायू बाहेर आला आणि त्याने चुन्याची निवळी दुधाळ केली, तर बहुधा कार्बोक्सिलिक आम्ल आहे. साधे फिनॉल या परीक्षेत फसफसत नाही, कारण त्याचा पीकेए १० च्या आसपास, कार्बोनिक आम्लाचा सुमारे ६.४. दुर्बल आम्ल आपल्याहून तीव्र आम्लाला त्याच्या क्षारातून बाहेर काढू शकत नाही. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरला. तीन नायट्रो गट असलेले पिक्रिक आम्ल फिनॉलच्या कुळातले असूनही जोरात फसफसते.

यात कार्बोनिल आहे, तरी अल्डिहाइड-कीटोन ओळखण्यासाठी वापरतात त्या डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनशी पिवळा-नारिंगी अवक्षेप का मिळत नाही?

कारण शेजारचा ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बोनिल कार्बनकडे झुकवतो. अल्डिहाइड व कीटोनमध्ये तो कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलेला असतो. इथे त्याची भूक बरीच भागलेली असते. शिवाय हायड्रॅझिन आम्लारीधर्मी आहे, त्यामुळे संधी मिळताच ते आम्लाचा प्रोटॉनच उचलते.

अल्कोहोलशी अभिक्रिया करून एस्टर बनवतो, पण ती कधीच पूर्ण का होत नाही?

कारण ती दोन्ही दिशांनी चालते. आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर आणि पाणी होते. तेच पाणी एस्टरला परत फोडते. एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी १८९५ मध्ये आम्ल उत्प्रेरक वापरण्याची जी रीत मांडली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लक्षात घ्या, उत्प्रेरकामुळे समतोल लवकर येतो, तो पुढे सरकत नाही. उत्तरपत्रिकांमध्ये ही चूक मी सतत पाहतो.

ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल यांच्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक साधारण ४ आहे. दोन्ही एकेक मोल घेतले तर गणिताने दोन तृतीयांश, म्हणजे ६७ टक्क्यांच्या आसपास एस्टर मिळतो. इथेनॉल दहा मोल घेतले तर एका मोल आम्लापैकी सुमारे ९७ टक्के एस्टरमध्ये जाते. दुसरा उपाय म्हणजे तयार होणारे पाणी काढून घेत राहणे. दोन्हीपैकी काय करायचे ते तुमच्याकडे कोणता पदार्थ स्वस्त आणि कोणता मौल्यवान यावर ठरवा.

पाण्यात जाणारा ऑक्सिजन कुणाचा, आम्लाचा की अल्कोहोलचा?

आम्लाचा. हे नुसत्या तर्काने ठरवता आले नसते. आयर्व्हिंग रॉबर्ट्स आणि हॅरॉल्ड युरी यांनी १९३८ मध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८ वापरून तो प्रश्न सोडवला. त्यांनी मिथेनॉलमध्ये हा खुणेचा ऑक्सिजन घालून बेंझोइक आम्लाशी अभिक्रिया केली. खूण पाण्यात गेली नाही, एस्टरमध्ये सापडली. म्हणजे अल्कोहोलचा ऑक्सिजन कार्बोनिल कार्बनवर येऊन बसतो आणि आम्लाचा ओएच पाणी होऊन निघून जातो. दोन रेणूंच्या टकरीत कोणता बंध तुटला हे एका अणूला खूण करून शोधण्याची ही कल्पना मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

आम्ल आणि अमाइन एकत्र केले की अमाइड मिळायला हवा ना?

आधी मिळतो क्षार. प्रोटॉनची देवाणघेवाण इतर कशाहीपेक्षा वेगाने होते, आणि मग ऋणप्रभारित कार्बोक्सिलेटवर, म्हणजे प्रोटॉन गमावलेल्या आम्लाच्या आयनावर, कुणी हल्ला करायला येत नाही. हा क्षार बराच तापवला तर पाणी निघून अमाइड होतो. प्रयोगशाळेत बहुधा वळसा घेतात: आम्लाला थायोनिल क्लोराइडने आम्ल क्लोराइड बनवायचे आणि मग अमाइन घालायचे. थायोनिल क्लोराइड सोयीचे पडते, कारण त्याचे उपपदार्थ सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निघून जातात. वायुवीजन कक्षाबाहेर मात्र हे करू नये.

क्षपण केले तर अल्डिहाइड मिळतो का?

लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड थेट प्राथमिक अल्कोहोलपर्यंत नेते, अधे थांबत नाही. सोडियम बोरोहायड्राइड आम्लाला हातही लावत नाही.

ही आम्ले तयार कशी करतात?

सरळ मार्ग म्हणजे प्राथमिक अल्कोहोलचे किंवा अल्डिहाइडचे पोटॅशियम परमँगनेटसारख्या पदार्थाने ऑक्सिडीकरण. कार्बनांची संख्या तीच राहते. टोल्युइनची बाजूची साखळी अशीच ऑक्सिडाइझ करून बेंझोइक आम्ल मिळते. साखळी लांब असली तरी शेवटी बेंझोइक आम्लच उरते, फक्त कड्याला लागून असलेल्या कार्बनवर किमान एक हायड्रोजन हवा. तृतीयक ब्युटिलबेंझिनमध्ये तो नसतो, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.

एक कार्बन वाढवायचा असेल तर दोन वाटा आहेत. हॅलाइडपासून नायट्राइल करून त्याचे जलअपघटन करा, किंवा त्याच हॅलाइडपासून मॅग्नेशियमच्या साहाय्याने ग्रिन्यार अभिकर्मक बनवून तो कार्बन डायऑक्साइडवर सोडा आणि नंतर आम्ल घाला. निवड डोळे मिटून करू नका. तृतीयक हॅलाइडवर सायनाइड वापरले तर हायड्रोजन हॅलाइड निघून अल्कीनच हाती येते, तिथे ग्रिन्यार बरा. रेणूत आधीच ओएच गट असेल तर तो ग्रिन्यारला मारून टाकतो, तिथे नायट्राइल बरा. ॲसेटिक आम्लाचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन मात्र मुख्यतः मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून, ऱ्होडियम किंवा इरिडियमच्या उत्प्रेरकाने होते.

तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो असे वाचले. सगळ्यांतून निघतो का?

नाही, साधे ॲसेटिक आम्ल उकळत ठेवले तरी तसेच राहते. सीओओएचपासून एक कार्बन सोडून पुढच्यावर कार्बोनिल असेल, तरच हे सहज घडते. तेव्हा सहा अणूंचे एक तात्पुरते कडे जुळते, प्रोटॉन पलीकडच्या ऑक्सिजनकडे सरकतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. मॅलोनिक आम्ल तापवले की ॲसेटिक आम्ल उरते ते याच रीतीने.

फॉर्मिक आम्ल कुळातल्या इतरांपेक्षा वेगळे का वागते?

त्याच्या कार्बनवर दुसरा कार्बन नाही, थेट हायड्रोजन आहे. त्यामुळे एका बाजूने पाहिले तर ते आम्ल, दुसऱ्या बाजूने पाहिले तर अल्डिहाइड. टॉलेन्स अभिकर्मकाने (अल्डिहाइड ओळखणाऱ्या चांदीच्या द्रावणाने) चांदीचा आरसा देते, परमँगनेटचा रंग घालवते. ॲसेटिक आम्ल यातले काही करत नाही. पीकेए ३.७५, म्हणजे ॲसेटिक आम्लाच्या दहापट तीव्र. संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर त्यातून पाणी निघून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो वायू विषारी आहे आणि त्याला वासही नाही, हे विसरू नका.

फॉर्मिक, ब्युटिरिक, कॅप्रिक अशी नावे कुठून आली?

पदार्थ जिथे सापडला तिथून. लॅटिनमध्ये 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. इंग्लंडचे निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी १६७१ मध्ये मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून हे आम्ल मिळाल्याचे नोंदवले. 'ॲसेटम' म्हणजे व्हिनेगर, 'ब्युटिरम' म्हणजे लोणी, आणि 'काप्रा' म्हणजे शेळी. सहा, आठ आणि दहा कार्बनच्या तिन्ही आम्लांची जुनी नावे शेळीवरूनच पडली: कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. तीन जवळजवळ सारखी नावे पुरेसा गोंधळ घालतात. त्यापेक्षा हेक्झेनॉइक, ऑक्टेनॉइक, डेकेनॉइक ही पद्धतशीर नावे वापरा असे माझे सांगणे.

या कुळाचा पाया रचण्यात कार्ल विल्हेल्म शेले यांचा वाटा फार मोठा आहे. आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल त्यांनी १७८० मध्ये वेगळे केले, लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल १७८४ मध्ये. रसात चुना घालून कॅल्शियम क्षाराचा अवक्षेप पाडायचा आणि मग सल्फ्युरिक आम्लाने आम्ल मोकळे करायचे, ही त्यांची रीत. वर बेंझोइक आम्लाला क्षार बनवून आपण पाण्यात उतरवले. शेले यांनी क्षार बनवूनच आम्ल पाण्याबाहेर काढले.

मेदाम्ले आणि साबण यांचा यांच्याशी काय संबंध?

मेदाम्ल म्हणजे लांब साखळीचे कार्बोक्सिलिक आम्ल. तेले आणि चरबी हे या आम्लांचे ग्लिसरॉलशी झालेले एस्टर, हे फ्रान्सचे मिशेल शेव्ह्रल यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. ते १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सोडियम हायड्रॉक्साइडने हे एस्टर फोडले की ग्लिसरॉल आणि आम्लांचे सोडियम क्षार मिळतात. हे क्षार म्हणजेच साबण. प्रभारित टोक पाण्यात राहते, लांब शेपटी तेलकट मळात शिरते. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे अविद्राव्य क्षार होऊन साका बसतो. पाणी आम्लधर्मी असेल तर कार्बोक्सिलेटला प्रोटॉन परत मिळतो, प्रभार जातो आणि साबण साबण राहत नाही.

साखळीचा आकार किती महत्त्वाचा हे अठरा कार्बनच्या तीन आम्लांत दिसते. सरळ, संपृक्त स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळते. ओलेइक आम्लात मधोमध एक सिस दुहेरी बंध असतो, साखळी तिथे वाकते आणि द्रवणांक १३ च्या आसपास उतरतो. तोच दुहेरी बंध ट्रान्स असेल तर इलेडिक आम्ल होते. साखळी पुन्हा जवळपास सरळ, द्रवणांक ४५ च्या सुमारास. नैसर्गिक मेदाम्लांत कार्बनांची संख्या बहुतेकदा सम असते, कारण पेशी ती दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी बांधत जाते.

बेंझोइक आम्ल खाद्यपदार्थ टिकवते, पण आंबट पदार्थांतच का?

सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलातून प्रभार नसलेला रेणू सहज आत जातो, आयन जात नाही. सामू ३ असेल तर ९४ टक्के बेंझोइक आम्ल प्रभाररहित असते. सामू ७ ला ते प्रमाण ०.१६ टक्क्यांवर येते, म्हणजे पदार्थात टाकूनही जवळपास निरुपयोगी. बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेले असते ते विद्राव्यतेच्या सोयीसाठी. आंबट माध्यमात पडल्यावर त्याचे पुन्हा आम्ल होते आणि तेच काम करते.

शरीरात लॅक्टिक आम्ल साठते म्हणून स्नायू दुखतात का?

आधी शब्द तपासू. लॅक्टिक आम्लाचा पीकेए ३.८६ आणि रक्ताचा सामू ७.४. या फरकात साधारण साडेतीन हजार आयनांमागे एकच रेणू आम्लरूपात असतो. त्यामुळे रक्तात असते ते लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचा आयन. याच कारणाने पायरुव्हेट, सायट्रेट, सक्सिनेट ही नावे जीवरसायनशास्त्रात सर्रास दिसतात. व्यायाम थांबल्यावर लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारे दुखणे त्याच्यामुळे नसते.

मिथेनॉल इतके घातक का? त्यात तर आम्ल नाही.

यकृत ते आम्लात बदलते. इथेनॉलपासून शरीर ॲसेटेट बनवते आणि ते पेशींना इंधन म्हणून सहज वापरता येते. मिथेनॉलपासून त्याच विकरांच्या मार्गाने आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल तयार होते. माणसाच्या शरीरात फॉर्मेट फार सावकाश मोडते, म्हणून ते साठत जाते, पेशींचा श्वसनाचा शेवटचा टप्पा अडवते आणि दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करते. दृष्टी जाण्याचे कारण हेच. हे रूपांतर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचे काही तास माणूस ठीक वाटू शकतो. लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठले पाहिजे. तिथे दिले जाणारे फोमेपिझोल हे औषध मिथेनॉलवर काम करणाऱ्या पहिल्या विकरालाच रोखते. मग आम्ल तयार होत नाही, आणि मिथेनॉल मूळ रूपातच शरीरातून बाहेर काढायला डॉक्टरांना वेळ मिळतो.